माळ्यावरचं तापमान

माझं काम नेमकं काय, हे आईला मी कधीच धड सांगू शकले नाही. कॉलेजात गणित शिकवत होते तोवर सोपं होतं, "लेक गणिताची प्राध्यापक" एवढ्यावर तिचं भागायचं. पुढे मी शिकवणं कमी केलं आणि दुसऱ्यांच्या विषयांत नाक खुपसायला लागले. कधी खाडीच्या पाण्याचा चढउतार, कधी घोडबंदर रोडवर रुग्णवाहिका कुठे अडकतात त्याचा शोध, कधी डासांची पैदास. ज्याचा प्रश्न असेल तो आपली मोजमापं घेऊन यायचा आणि त्यावरून न मोजलेल्या गोष्टींचा अंदाज कसा बांधायचा ते मी बघायचे. अंदाजाच्या त्या सांगाड्याला आम्ही मॉडेल म्हणतो. आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "ती सगळ्यांच्या मध्ये मध्ये असते." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याकडे आलेला प्रश्न मात्र आईलाही लगेच कळला. घरात किती उकडतं? बाहेर किती, ते रोज टीव्हीवर सांगतात. पण माणसं झोपतात घरात. घोडबंदरच्या टॉवरमधला फ्लॅट, कल्याणच्या चाळीतली पत्र्याखालची खोली आणि खडवलीतलं कौलारू घर, या तिघांना एकच आकडा लावून कसं चालेल? म्हणून काही घरांत मोजायचं आणि त्यावरून बाकीच्या घरांचा अंदाज बांधायचा, असं ठरलं.

आम्ही चौघं होतो. हवामानशास्त्रात आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ गृहस्थ, एक तरुण आर्किटेक्ट, सार्वजनिक आरोग्याचं काम करणारे एक डॉक्टर, आणि मी. ठाण्यात एका संस्थेनं बसायला एक खोली दिली होती. तिथला पंखा इतका वाजायचा की उकाड्यावर बोलायचं तर उकाड्यातच बसावं लागे. पहिल्याच बैठकीत भांडण झालं, आणि तेही उकाडा म्हणजे काय यावर.

"उकाडा हा शब्दच मला मान्य नाही," हवामानवाले म्हणाले. "सावलीतल्या हवेचं तापमान आणि हवेतला दमटपणा, एवढंच मोजता येतं. बाकी सगळं ललित लेखन."

"सर, हवा नंतर बघू ना," आर्किटेक्ट म्हणाली. "आधी स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री सगळं घरात ओततो. मला तर भिंत मोजायचीय."

"भिंतीला चक्कर येत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मला माणूस सांगा. दिवसा कितीही तापलं तरी माणूस सोसतो. रात्री अंग निवलं नाही तर आजारी पडतो."

मी म्हटलं, मला कुठलाही आकडा चालेल, फक्त सगळ्या घरांत एकाच पद्धतीनं मोजलेला द्या. मिठाईच्या दुकानात जाऊन "कुठलीही द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाकडे बघावं तसं तिघांनी माझ्याकडे बघितलं.

शेवटी तोडगा निघाला तो असा. प्रत्येक घरात काडेपेटीएवढी एक पांढरी डबी लावायची. ती थोड्या थोड्या वेळानं आपली आपण तापमान टिपून ठेवायची. आम्ही अधूनमधून जाऊन लॅपटॉपला जोडून ते उतरवून घ्यायचो. डबी आतल्या भिंतीवर लावायची, डोक्याच्या उंचीला, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. आणि एक नियम माझ्या आग्रहावरून झाला. एखादी नोंद विचित्र दिसते म्हणून खोडायची नाही. खोडायची असेल तर ती का बिघडली, हे शेजारच्या 'का?' या रकान्यात एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य लिहिता येत नसेल तर नोंद राहील. आकड्यांच्या धंद्यात सगळ्यात मोठी चोरी नको ते आकडे गुपचूप पुसण्यात होते, असं मी बऱ्याच जणांना ऐकवलं आहे.

घरांच्या यादीत मी एक घर आईचं घातलं. ते मात्र विज्ञानासाठी नव्हतं.

आई डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या बाजूला राहायची. लिफ्ट नसलेली जुनी इमारत आणि सगळ्यात वरचा मजला. कारखान्यांच्या बाजूनं वारा आला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक. पूर्वी ती तळमजल्यावर बालवाडी चालवायची. गुडघे कुरकुरायला लागले तशी बालवाडी बंद केली, आणि बाबा गेल्यावर वरच्या घरात ती एकटी उरली. मला भाऊ-बहीण कुणी नाही. आदल्या मे महिन्यात भाजी फोडणीला टाकताना तिला चक्कर आली. ओट्याला धरून ती खाली बसली, बऱ्याच वेळानं उठली, भाजी पूर्ण केली, आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेही बोलण्याच्या ओघात, हरभऱ्याच्या भावानंतर.

तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते. माझी मुलगी शिकायला परगावी गेलेली, तिची खोली रिकामी. आमच्या टॉवरला लिफ्ट, खाली बाग, बेडरूमला एसी. नवऱ्याचं आणि आईचं माझ्यापेक्षा जास्त जमतं, दोघांना मिळून माझी टिंगल करायला आवडते. हे सगळे मुद्दे मी तिच्यापुढे पुन्हा पुन्हा मांडायचे. ती म्हणायची, "बघू." आईच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे मी लहानपणी जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांसमोर शिकले होते. त्यातून तिचे लेकीच्या घराबद्दलचे जुने हिशोब. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, माझा जन्म होईपर्यंत लेकीच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आई तेवढी कडक नव्हती. आमच्याकडे यायची, जेवायची, चार दिवस राहायची. पाचव्या दिवशी मात्र पिशवी भरलेली असायची. "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जावं," ती म्हणायची. मी त्यावर चिडायचे आणि ती हसायची.

डबी लावायला गेले त्या दिवशी मी तिला म्हटलं, "आपण भांडायचं नाही. रात्री घर निवतं की नाही ते ही डबी सांगेल. डॉक्टरांनी एक रेघ ठरवलीय. रात्रीचं तापमान त्या रेघेच्या वर राहिलं तर तू सामान बांधून माझ्याकडे यायचंस. खाली राहिलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"चालेल," आई म्हणाली. "तुझी डबी म्हणेल तसं."

ती इतक्या पटकन हो म्हणाली की मला शंका यायला हवी होती. पण मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, हिला आकड्यांचं महत्त्व पटलं. मी खुशीत डबी झोपायच्या खोलीत लावली आणि घरी आले.

महिन्याभरानं आम्ही पहिल्या फेरीला निघालो, आणि फजितीला सुरुवात झाली. आमच्या चौघांच्या शिक्षणाची वर्षं एकत्र केली तर एखादं छोटं विद्यापीठ उघडता आलं असतं, पण एक साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आपल्याकडे कुणी यंत्र हाती दिलं की माणसं ते सांभाळतात. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून वर रबर लावणारी आपण माणसं. आमची पांढरीशुभ्र डबी धूळ खात भिंतीवर कशी लटकू देणार?

मानपाड्याजवळच्या गावात एक आगरी कुटुंब होतं. एके काळची भातशेती, आता रस्त्याला लागून दुमजली बंगला. तिथल्या आजींनी डबी शोकेसमध्ये, नातवाच्या करंडकाशेजारी ठेवली होती, काचेआड. "अगो बाय, धुरला बसते तिच्यावर," त्या मलाच समजावत म्हणाल्या, "म्हनून कपाटान ठेवली. खराब झाली त तुमी आमाला बोलाल." कल्याणच्या चाळीत एका नर्सच्या घरी तिला रात्री मच्छरदाणी बांधायला खिळा हवा होता, म्हणून डबी खिळ्यावरून उतरून पाण्याच्या पिंपामागे गेली होती. महिनाभर तिनं गारव्यात आराम केला होता. घोडबंदरच्या टॉवरमध्ये एका आयटीवाल्या जोडप्यानं ती एसीच्या खोलीत हलवली, कारण "गरम हॉलमध्ये सेन्सर खराब होईल ना!" त्या महिन्याच्या आमच्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता तर ठाणे जिल्हा थंड हवेचं ठिकाण म्हणून जाहीर करावा लागला असता.

खडवलीला मात्र वेगळंच निघालं. तिथल्या शिक्षकांनी डबी अंगणातल्या आंब्याला बांधली होती. हवामानवाले त्यांच्यावर रागावलेच. "अहो, घरात लावा म्हणून सांगितलं होतं ना?" शिक्षक म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, रात्री माणसाला किती गरम होतं ते बघायचंय. उन्हाळाभर आम्ही अंगणातच झोपतो. घरात कोण आहे?" त्यावर डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी तिथे दुसरा चहा मागितला. परतताना दोघांचं गाडीभर भांडण. हवामानवाल्यांच्या मते ती नोंद बाद, डॉक्टरांच्या मते सगळ्या यादीत ती एकच नोंद खरी. मी दोन्ही बाजूंना मान डोलावत होते, माझा धंदाच तो. 'का?' रकान्यात मी लिहिलं, 'माणसं जिथे झोपतात तिथे डबी नेली.' नोंद राहिली.

त्या महिन्यात तो रकाना भरत गेला आणि आम्हा सगळ्यांना त्याचा नाद लागला. आर्किटेक्ट म्हणायची, आकड्यांपेक्षा हाच वाचायला मजा येते, यातून घर दिसतं.

या सगळ्यात आईची डबी मात्र उलटी वागत होती. तिच्या नोंदी मीच एका भेटीत उतरवून आणल्या होत्या. बाकीच्यांच्या डब्या गार, हिची तापलेली. रात्रीसुद्धा डॉक्टरांच्या रेघेच्या पुष्कळ वर. मी मनातून खूश होते, खोटं कशाला बोलू? चला, आई येणार. मी मुलीची खोली झाडून घेतली आणि नवऱ्याला तिथला व्यायामाचा सांगाडा बाहेर काढायला लावला.

पण आर्किटेक्ट आलेख बघून डोकं खाजवत होती. "मॅडम, तुमच्या आईच्या टेरेसवर पत्र्याची शेड आहे ना? गळती होऊ नये म्हणून टाकलेली?" आहे म्हटलं. "मग स्लॅबवर ऊनच पडत नाही. एवढं तापमान येईल कुठून? माझ्या हिशोबात बसत नाही."

माझ्याही हिशोबात बसत नव्हतं. मॉडेल जे सांगत होतं त्याच्याहून ते घर फार गरम होतं. आणि त्यात आणखी एक गंमत होती. दर रविवारी दुपारी तापमान धपकन खाली यायचं आणि रात्री परत वर जायचं. मी ते हवामानवाल्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ऊन रविवारची सुट्टी घेत नाही," ते म्हणाले. "निसर्गाला वार कळत नाहीत. हे माणसाचं काम आहे."

रविवारी दुपारी आईकडे मी जायचे.

पुढच्या आठवड्यात मधल्या वारी दुपारी मी न कळवता डोंबिवलीला गेले. माझ्याकडे किल्ली असते. आई आतल्या खोलीत झोपली होती. भिंतीवर खिळा होता, डबी नव्हती. स्वयंपाकघरात गेले. गॅसच्या बरोबर वर माळा आहे, त्यावर दिवाळीचे डबे आणि जुनी पितळी भांडी. त्या भांड्यांच्या पुढ्यात, जिथे फोडणीची वाफ जाऊन साठते आणि रात्रभर हलत नाही तिथे, डबी व्यवस्थित उभी होती.

आई चाहुलीनं उठून आली. मी माळ्याकडे बोट दाखवलं.

"झाडताना पडते गं," ती पदर सारखा करत म्हणाली. "तुझी महागाची वस्तू. म्हटलं वर बरी."

मला हसूच आलं. तूही त्या आगरी आजींसारखीच, म्हटलं. तूही सांभाळून ठेवलीस! तिला सगळ्या घरांच्या गमती सांगितल्या, तीही हसली. मग मी डबी खाली काढून खिळ्यावर लावली आणि दम भरला, की आता हिला हात लावायचा नाही, पडली तर पडली. माळ्यावरच्या सगळ्या नोंदी खोडल्या. 'का?' रकान्यात लिहिलं, 'सांभाळण्यासाठी माळ्यावर. रविवारी पुन्हा भिंतीवर.' मे संपायच्या आत नव्या नोंदी हातात आल्या आणि सगळं मॉडेलला धरून बसलं. टेरेसवरच्या शेडमुळे आणि समोरासमोरच्या खिडक्यांमुळे घर रात्री बऱ्यापैकी निवत होतं. डॉक्टरांच्या रेघेच्या थोडं खालीच.

मी हरले होते. पण आकड्यांत लबाडी करायची नाही, हे माझं एकुलतं एक व्रत. त्या रविवारी मी मोठ्या मनानं आईला सांगितलं, "घे, जिंकलीस तू. तुझं घर ठीक आहे. राहा आता खुशाल, मी काही बोलणार नाही."

आई कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले.

"हो का?" ती म्हणाली. "बरं झालं हो."

थोड्या वेळानं म्हणाली, "नक्की ना? परत एकदा मोजून बघ की."

"अगं, दोनदा तपासलंय."

"तसं नाही. तुमची यंत्रं. कधी कधी चुकतात म्हणे."

मी तिला समजावून सांगितलं की यंत्र चुकलं नव्हतं, जागा चुकली होती, आणि ती चूक मी दुरुस्त केली. ती ऐकत होती. मग कोथिंबिरीची काडीन् काडी वेगळी करत बसली. निघताना तिनं मला मेथीचे लाडू दिले आणि जिन्यापर्यंत आली, नेहमीसारखी.

त्यानंतरच्या बैठकीत डॉक्टर 'का?' रकाना वाचायला बसले. ते सगळं शेवटपर्यंत वाचणारे गृहस्थ आहेत, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा. एकेक वाक्य मोठ्यानं वाचत होते आणि आम्ही हसत होतो. आईच्या ओळीशी आले आणि थांबले.

"हे वाक्य मला नाही पटत," ते म्हणाले.

"का?"

"सांभाळायची म्हणून वर ठेवली, तर रविवारी खाली का काढायची? तुम्ही येणार म्हणून. म्हणजे तुम्हाला दिसू नये म्हणून. सांभाळून ठेवलेली वस्तू माणूस लपवत नाही, उलट दाखवतो. त्या शोकेसवाल्या आजींनी दाखवलीच ना?" मग त्यांनी विचारलं, "माळा किती उंच आहे?"

मी सांगितलं. स्टूल घेतल्याशिवाय माझाही हात पोचत नाही.

"गुडघ्यांचं दुखणं आहे ना त्यांना?"

आहे, म्हटलं. आणि माझ्या डोळ्यांपुढे आई स्टुलावर चढताना आली. एका हातानं माळ्याची कड धरलेली, दुसऱ्या हातात डबी. दर रविवारी मी यायच्या आधी एकदा उतरवायला, आणि मी गेल्यावर एकदा वर ठेवायला. जिला जिना उतरताना कठडा लागतो ती बाई.

"बाकी सगळ्यांनी डबी गारव्यात नेली," आर्किटेक्ट हळूच म्हणाली. "त्या एकट्यांनी गरम जागी नेली. मॅडम, त्यांना तापमान वाढवायचं होतं."

हवामानवाले उठले आणि त्यांनी तो वाजणारा पंखा बंद केला. का केला कोण जाणे. खोलीत एकदम शांत झालं. चार विषयांची चार माणसं एका वाक्यापाशी येऊन थांबली होती, आणि ते वाक्य लिहिणारी मी होते. आपलाच नियम मी आपल्याच आईच्या बाबतीत मोडला होता. कारण ठाऊक नसताना, ठाऊक आहे असं धरून, तिचं म्हणणं खोडून टाकलं होतं. त्यातून वर तिला सांगून आले होते, तू जिंकलीस!

मी सरळ डोंबिवलीला निघाले. रस्त्यात नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग? तो व्यायामाचा सांगाडा मी परत आत नेलेला नाही अजून." ऊन कलत होतं तेव्हा मी जिना चढले.

आई गॅलरीत सुकलेले कपडे काढत होती. मला बघून म्हणाली, "आज कुठे रविवार?"

"आई, डबी माळ्यावर का ठेवली होतीस?"

"सांगितलं ना, झाडताना..."

"स्टुलावर चढून?"

तिनं हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"तूच म्हणाली होतीस," ती शेवटी म्हणाली, "डबी म्हणेल तर यायचं. म्हटलं, म्हणू दे डबीला."

"अगं, मग सरळ सांगायचंस ना मला! मी वर्षभर तुझ्या मागे लागलेय, ये ये म्हणून. तूच 'बघू, बघू' करत होतीस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" माझा आवाज चढला. मला राग आला होता, तिचा नाही, त्या स्टुलाचा. "पडली असतीस म्हणजे?"

"लेकीला कसं सांगायचं गं, की मला आता इथे एकटीला नको वाटतं? पाहुणी म्हणून येणं वेगळं. कायमचं यायचं तर काही कारण लागतं माणसाला. लोक विचारतात. मीच मला विचारते." तिनं टॉवेल बाजूला ठेवला. "तुझी डबी म्हणाली असती, म्हातारीला इथे झेपणार नाही, की संपलं. मग कुणी काही म्हटलं नसतं."

"पण मी बोलावत होते ना! ते कारण पुरेसं नव्हतं?"

आई माझ्याकडे बघत राहिली. बालवाडीतल्या पोरांकडे बघायची तशी, न रागावता.

"तू कधी बोलावलंस?" ती म्हणाली. "उकडतं म्हणून ये, म्हणालीस. चक्कर येते म्हणून ये, जिना झेपत नाही म्हणून ये, खोली रिकामी आहे म्हणून ये. लिफ्टचं सांगितलंस, बागेचं सांगितलंस. शेवटी तर काय, डबी म्हणेल तर ये. मी वाट बघत होते गं. तुला मी हवी आहे म्हणून ये, असं एकदा तरी म्हणालीस का?"

मी आठवून बघितलं. मागचं सगळं वर्ष चाळलं, एकेक फोन, एकेक रविवार. तिच्यापुढे मी काय काय मांडलं होतं! आणि मुलगी गेल्यापासून संध्याकाळी त्या खोलीचं दार मी लावून घेते, कारण उघडं असलं की आत बघवत नाही, हे नवऱ्यालाही बोलले नव्हते. त्याला मोजमाप नव्हतं, म्हणून ते कारणांत धरलंच नव्हतं. तिला लाज वाटत होती आणि मला सवय नव्हती. दोघींनी मिळून एका काडेपेटीएवढ्या डबीला कामाला लावलं होतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. साधंच वाक्य होतं, पण पन्नाशी उलटून गेलेल्या बाईला ते तोंडातून बाहेर काढायला किती वेळ लागावा!

"आई, मला घरी करमत नाही," मी म्हटलं. "तू मला हवी आहेस. ये ना."

तिनं माझ्या हातावर दुसरा हात ठेवला आणि थोपटत राहिली. मी रडत होते, हे मला तेव्हा कळलं.

"मग येते," आई म्हणाली.